अनारसे, तूप आणि विमानाची वाट



दर आठवड्याला पिकांवरच्या रोगांविषयी लिहितो, आज थोडे निराळे. आपल्या भागातल्या काही घरांतली मुले दुबईकडे कामाला आहेत आणि आईवडील त्यांना भेटायला जातात. गेल्या साली मुलीकडे आम्हीही दोघे गेलो.

मुंबई ते दुबई विमान तीन-सव्वातीन तासांचे. पण ते पहाटेचे, म्हणून सांजेलाच नाशकात द्वारकेवर येऊन गाडीची वाट पाहत बसलो. पुढे पावणेदोनशे किलोमीटर, मध्ये कसारा घाट. विमानतळावर तीन तास आधी हजर व्हायचे आणि सामान घेणारी खिडकी साधारण तासभर आधीच बंद होते. म्हणजे उडणे थोडे आणि ताटकळणे फार. घाटात एखादा ट्रक आडवा झाला तर तिकिटाचे पैसे पाण्यात, म्हणून लवकर निघावेच लागते.

द्वारकेवर शेजारी आखातात नोकरी करणारा एक तरुण बसला होता. त्याने सौभाग्यवतींना विचारले, “काकू, पिशवीत काय काय घेतलंय?” तिने कौतुकाने सांगितले : अनारसे, साजूक तूप, सुक्या खोबऱ्याच्या वाट्या. पोरगा दचकलाच. “अनारशांना खसखस लावलीय ना? मग ते इथंच ठेवा.”

संयुक्त अरब अमिरातीत खसखस बाळगणे गुन्हा आहे. ते अफूच्या बोंडातले बी. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात मिळते ही सबब तिथे चालत नाही, तुरुंगाची पाळी येऊ शकते. मी शेतकी पदवीधर, अफूचे बोंड कॉलेजात अभ्यासलेले, आणि घरच्या अनारशांकडे माझे लक्ष नाही! गृहिणींनी लाडू, घरचा मसालाही तपासावा. त्यातही खसखस असते.

अख्खे सुके खोबरेसुद्धा विमानात चालत नाही, हातातही नाही आणि मोठ्या बॅगेतही नाही. त्यातले तेल हवेशी संयोग पावून तापते आणि आपोआप पेट घेऊ शकते. पेंडीची थप्पी आतून तापते ती तुम्ही पाहिली असेल, तसेच हे.

अनारसे आणि खोबरे सोडायला आलेल्या पुतण्याबरोबर घरी गेले. तुपाची बरणी मात्र हातातल्या पिशवीत राहिली. तपासणीच्या टेबलावर ती काढून ठेवली ती कायमची. घरच्या म्हशीचे तूप ते! ती काही बोलली नाही, पण विमानात बसेपर्यंत तिचा चेहरा उतरलेला होता. मलाही राग आला होता.

त्या नियमाला कारण आहे. ऑगस्ट 2006 मध्ये लंडनहून अमेरिकेला जाणारी विमाने पेयांच्या बाटल्यांतल्या द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट उघड झाला. तेव्हापासून ही बंधने आली. हातातल्या सामानात द्रव पदार्थाची बाटली 100 मिलिलिटरहून मोठी नको. तूप, लोणचे, दही हे सगळे त्यातच धरतात. बरणी अर्धी रिकामी असली तरी आकार बरणीचाच मोजतात. मोठ्या बॅगेत तूप-लोणचे किती चालेल, ते विमान कंपनीला आधीच विचारावे. अडकित्ता आणि विळीही मोठ्या बॅगेतच टाकावी, कंबरेला बटव्यात नको.

दुबईत नातवाने पहिल्या दिवशीच अनारसे मागितले. यंदा सौभाग्यवतींनी अनारशांचे पीठ तेवढे बांधून दिले आहे, मोठ्या बॅगेत. तिथे तीळ लावून तळायचे ठरले आहे.