बेडूक सापडला, पुढे काय?

स्पेनमधल्या सालामांकाला जाणारे आपले बहुतेक आयटीवाले सकाळी माद्रिदहून येतात, १२१८ सालच्या विद्यापीठाच्या दर्शनी भिंतीवर कवटीवर बसलेला बेडूक शोधतात, नव्या कॅथेड्रलच्या दारावरच्या अंतराळवीराचा फोटो काढतात (तो १९९२ च्या डागडुजीत कोरलाय, बरं का!) आणि संध्याकाळी परत. टिकेट क्लोज!

माझं मत विचाराल तर हे शहर यादी खिशात ठेवून, पायी बघावं. बेडकाकडे पाठ करा आणि त्याच चौकातून एस्कुएलास मेनोरेसमध्ये शिरा. तिथल्या अंधाऱ्या दालनात विद्यापीठाच्या जुन्या ग्रंथालयाचं, पंधराव्या शतकातलं रंगवलेलं छत आहे. त्यावर राशी आणि नक्षत्रं. उरलंय जेमतेम एक तृतीयांश, पण मान दुखेपर्यंत बघत राहावंसं वाटतं. तिथून पातिओ चिकोत या. जुनं आणि नवं अशी दोन्ही कॅथेड्रल एकमेकांना खेटून उभी दिसतील.

आणि हो, चालताना भिंती वाचा. लाल रंगातलं ‘व्हिक्टर’ हे चिन्ह आणि शेजारचं नाव म्हणजे कुणाच्या तरी डॉक्टरेटचा जल्लोष. १९३९ मध्ये यादवी युद्ध जिंकल्यावर फ्रँकोच्या हुकूमशाहीने हेच चिन्ह स्वतःच्या विजयासाठी उचललं. विद्वत्तेची खूण सत्तेला इतक्या सहज पळवता येते, हे कळणं मला बेडूक सापडण्यापेक्षा मोलाचं वाटतं.

बेडूक काय, नेटवरही दिसतो. तेव्हा जमलं तर एक रात्र मुक्काम करा आणि निवांत भटका. बघा पटतंय का!