सर्व्हर डाऊन, आजार चालूच

‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ बँकेत, सेतू केंद्रात, रेशन दुकानातल्या अंगठ्याच्या मशीनसमोर हे वाक्य ऐकण्याची बीड जिल्ह्यातल्या माणसाला आता सवय झाली आहे. तो थोडा चिडतो, एसटीचे भाडे वाया गेले म्हणून हळहळतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. रुग्णालयाला मात्र ‘उद्या या’ म्हणण्याची सोय नसते. प्रसूतीच्या कळा, सर्पदंश, छातीतले दुखणे यांपैकी काहीही संगणक सुरू होण्याची वाट पाहत नाही.

जगभरची माहिती साठवणाऱ्या बड्या कंपन्या हा धोका ओळखून असतात. अमेरिकी शेअर बाजारात नोंदणी असलेल्या कंपन्यांना तर दरवर्षीच्या अहवालात आपल्यापुढचे मोठे धोके लेखी मांडावे लागतात. विदा केंद्र बंद पडले, सायबर हल्ला झाला, एखाद्या पुरवठादाराने हात वर केले, तर धंद्याचे काय होईल, हे त्यांचे गुंतवणूकदार आधीच वाचू शकतात. ज्याची आजाराची सगळी माहिती संगणकात गेली आहे, त्या रुग्णाला मात्र हा धोका कोणी सांगत नाही. पैसे गुंतवणाऱ्याला जे कळते, ते जीव गुंतलेल्या माणसालाही कळायला हवे.

याचा अर्थ संगणक नको, असा मुळीच नाही. पावसात भिजलेले, उंदरांनी कुरतडलेले केसपेपरचे गठ्ठे ज्यांनी पाहिले आहेत, ते त्या दिवसांत परत जायला तयार होणार नाहीत. जुना रिपोर्ट क्षणात समोर येणे, औषधाचे नाव स्वच्छ अक्षरात दिसणे, तीच तपासणी पुन्हा करावी न लागणे हे रुग्णाच्या फायद्याचेच आहे. प्रश्न एवढाच आहे, की ही सोय चार तास किंवा चार दिवस बंद पडली तर उपचार कसे चालू राहणार?

कारण ती बंद पडते, आणि दर वेळी चोर येतो म्हणूनच पडते असे नाही. जुलै २०२२ मध्ये महाराष्ट्रातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांमधील ‘एचएमआयएस’ ही संगणक प्रणाली बंद झाली. तिथे ना व्हायरस होता, ना वीज गेली होती. सेवा पुरवणाऱ्या खासगी कंपनीशी करार आणि देयके यांवरून वाद झाला होता. खिडक्यांवर पुन्हा हाताने केसपेपर लिहिले जाऊ लागले आणि रुग्णांच्या जुन्या नोंदी पाहणे अवघड झाले. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला दिल्लीच्या ‘एम्स’वर सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हर बाधित झाले आणि देशातल्या सर्वांत नामांकित रुग्णालयाला सुमारे दोन आठवडे नोंदणीपासून प्रयोगशाळेपर्यंतची अनेक कामे कागदावर करावी लागली.

१९ जुलै २०२४ रोजी तर हल्लाही झाला नाही, नुसती चूक झाली. संगणकांची राखण करणाऱ्या क्राउडस्ट्राइक या कंपनीने पाठवलेले एक अपडेट सदोष निघाले आणि जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक ठप्प झाले. भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली, तर इंग्लंडमध्ये अनेक फॅमिली डॉक्टरांना रुग्णांच्या नोंदी उघडता येईनात.

वैद्यकीयदृष्ट्या सर्वांत बोलके उदाहरण लंडनचे आहे. ३ जून २०२४ रोजी तिथल्या मोठ्या रुग्णालयांसाठी रक्त तपासणाऱ्या सिनोव्हिस या संस्थेवर सायबर हल्ला झाला. हल्ला रुग्णालयांवर नव्हता, तरीही रुग्णाचा गट तपासून त्याच्याशी जुळणारी पिशवी नेहमीच्या वेगाने देता येईना. अशा वेळी सर्वांना चालेल असे ‘ओ’ गटाचे रक्त वापरावे लागते. त्याचा साठा झपाट्याने उतरला आणि ओ गटाच्या रक्तदात्यांना जाहीर आवाहन करावे लागले. पुढे तिथल्या एका रुग्णाच्या मृत्यूला हातभार लावणाऱ्या कारणांमध्ये रक्ताचा रिपोर्ट मिळायला लागलेला दीर्घ वेळही होता, हे रुग्णालयाने मान्य केले. भारतात ओ निगेटिव्ह रक्तगटाची माणसे मुळातच फार थोडी आहेत. अशी वेळ जिल्ह्याच्या ठिकाणच्या रक्तपेढीवर आली तर काय होईल, याचा विचार आधीच झालेला बरा.

या सगळ्या ठिकाणी डॉक्टर जागेवर होते, परिचारिका होत्या, औषधे होती. अडले होते ते माहितीवाचून. माहिती नसली की चुका ठरावीक जागी होतात. एकाच वॉर्डात सारख्या नावाचे दोन रुग्ण असतात आणि घाईत नळीवर नाव चुकीचे पडते. प्रयोगशाळेतून पोटॅशियमचा आकडा फोनवर सांगितला जातो आणि ऐकणारा दुसराच लिहितो. रात्रीच्या पाळीत इन्सुलिन दिले की नाही, हे सकाळच्या पाळीला कळत नाही. पेनिसिलिनची ॲलर्जी संगणकात नोंदलेली असते, पण संगणक उघडत नाही. दुसरा धोका प्रणाली सुरू झाल्यावर येतो. मधल्या दिवसांचे कागद संगणकात चढवायचे राहून जातात आणि सहा महिन्यांनी आलेल्या डॉक्टरला त्या दिवसांत काही घडलेच नाही, असे वाटते.

बीड जिल्ह्यात हा प्रश्न आणखी टोकदार होतो. दसरा-दिवाळीनंतर इथली लाखो माणसे ऊसतोडीला सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडे आणि थेट कर्नाटकात जातात. धारूर किंवा वडवणी तालुक्यातली एखादी गर्भवती बाई नवऱ्याबरोबर कोयत्यावर जाते, तेव्हा तिची पहिली तपासणी गावच्या उपकेंद्रात झालेली असते आणि सातव्या महिन्यात ती कुठल्या तरी कारखान्याजवळच्या दवाखान्यात पोहोचते. तिथल्या डॉक्टरला तिचा रक्तगट, हिमोग्लोबिन आणि आधीचे सिझेरियन या तीन गोष्टी ताबडतोब हव्या असतात. फडात मोबाइलला रेंज असेलच असे नाही आणि दवाखान्यातला संगणक चालू असेलच असेही नाही. अशा वेळी उपयोगी पडते ते आशाताईने दिलेले, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेले माता व बाल संरक्षण कार्ड.

‘आभा’ क्रमांक काढला म्हणजे प्रश्न सुटला, अशीही एक समजूत आहे. हा चौदा अंकी क्रमांक उपयोगाचा आहे, पण तो किल्लीसारखा आहे. नोंदी राहतात त्या त्या रुग्णालयाच्या प्रणालीतच. कोठारच बंद असेल तर किल्ली कितीही चांगली असून भागत नाही.

मराठवाड्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. नळ योजना आली म्हणून अनेक गावांनी आड बुजवले आणि योजना बंद पडली तेव्हा टँकरची वाट पाहिली. नळ आणणे ही चूक नव्हती, आड बुजवणे ही होती.

मग करायचे काय? बहुतेक उपाय स्वस्त आहेत. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला वॉर्डातील रुग्णांची, त्यांच्या औषधांची आणि ॲलर्जीची यादी छापून ठेवावी. क्रमांक घातलेले कोरे केसपेपर, तपासणीचे अर्ज आणि रक्तपेढीचे मागणीपत्र यांची एक पेटी प्रत्येक विभागात तयार असावी. फोनवर सांगितलेला आकडा ऐकणाऱ्याने परत वाचून दाखवावा. तीन महिन्यांतून एकदा, दोन तास मुद्दाम संगणक बंद ठेवून काम करून पाहावे. आगीचा सराव होतो, तसाच हा सराव. नव्या पिढीतल्या अनेक डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी पूर्ण कागदावर चालणारा वॉर्ड पाहिलेलाच नाही, म्हणून तो अधिक गरजेचा आहे. नोंदींची एक प्रत जाळ्याबाहेर ठेवावी आणि ती खरोखर उघडते का, हे तपासावे. न उघडणारी प्रत म्हणजे हवा नसलेली स्टेपनी.

शासनाच्या पातळीवरचे काम वेगळे आहे. कंपनीशी करार करताना रुग्णांच्या नोंदी रुग्णालयाच्याच राहतील आणि वाद झाला तरी त्या ठरावीक दिवसांत वाचता येतील अशा स्वरूपात परत मिळतील, ही अट पहिल्या पानावर हवी. सायबर हल्ला झाला तर सहा तासांत केंद्राच्या ‘सर्ट-इन’ यंत्रणेला कळवण्याचा नियम २०२२ पासून आहे. त्या सहा तासांत अपघात विभागातल्या डॉक्टरने काय करायचे, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहिलेले असले पाहिजे. तालुक्यांतून गंभीर रुग्ण अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा बीडच्या जिल्हा रुग्णालयात पाठवला जातो, तेव्हा त्याच्याबरोबर एक वाचता येईल अशी कागदी चिठ्ठी गेलीच पाहिजे. ‘सगळे ऑनलाइन आहे’ हे उत्तर पुरेसे नाही.

रुग्ण आणि नातेवाइकांनीही एक सवय लावून घ्यावी. आजाराचे नाव, रोजच्या गोळ्यांची नावे व मात्रा, रक्तगट, न चालणारे औषध आणि झालेल्या शस्त्रक्रिया एवढे एका कागदावर डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. त्याचा फोटो मोबाइलमध्ये असावा आणि मूळ कागद जपून ठेवावा. डिस्चार्ज कार्ड फेकू नये. यंदा दिवाळीनंतर टोळ्यांच्या गाड्या निघतील, तेव्हा पीठ-मीठ बांधताना ही पिशवीही बांधली जावी, याची आठवण गावच्या आशाताईने घरोघर करून द्यावी. पुढे कुठला सर्व्हर कधी बंद पडेल, हे कोणाच्याच हातात नाही. तो कागद मात्र त्या बाईच्या हातात असेल.