जामखेडचा धडा

ख्रिस्ती सेवाकार्याचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच सूर उमटतात. एकाला त्यात देवदूत दिसतात, दुसऱ्याला धर्मांतराचे दलाल! दोघांनीही एकदा अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेडची वाट धरावी.

वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली या अवर्षणग्रस्त तालुक्यात येऊन राहिले. रुग्णालय थाटून ते रोग्यांची वाट पाहत बसले नाहीत. गावोगावच्या निरक्षर, कित्येक दलित, स्त्रियांच्या हाती त्यांनी आरोग्याची विद्या दिली. जिला गाव शिवून घेत नव्हते, तिलाच गाव बाळंतपणाला बोलावू लागले. अतिसाराने सुकणारे मूल मीठ-साखरेच्या पाण्याने कसे वाचवावे, हे तीच आयांना सांगू लागली. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार लाभला. परंतु त्यांचा खरा गौरव हा की, ते आज हयात नसले तरी ती विद्या गावातच उरली आहे.

सेवक गेल्यावर मागे काय उरते, हीच सेवेची कसोटी. दानाने हात पसरण्याची सवय लागते. विद्येने तोच हात दुसऱ्याला आधार देतो.

गावच्याच स्त्रीला आरोग्यसेविका करण्याची वाट २००५ साली सरकारनेही 'आशा' योजनेद्वारे धरली. मात्र आशाताईंना अजून 'स्वयंसेविका' म्हणून मानधनावरच राबविले जाते. स्वेच्छेने केलेला त्याग हे पुण्य होय. दुसऱ्याच्या त्यागावर आपले अंदाजपत्रक जुळविणे हा मात्र कोणत्याच धर्माला मान्य नसलेला अन्याय आहे!