कपापासून गल्ल्यापर्यंत



आपल्याकडे चहाच्या टपरीपासून खानावळीपर्यंत सगळ्यालाच हॉटेल म्हणायची रीत आहे. आणि हॉटेलात जाणे म्हणजे पैसे उडवणे, बाईमाणसाने तर तिकडे फिरकूच नये, अशी शिकवण आपल्या घराघरांत होती. काटकसर चांगलीच. पण महिन्यातून एखाद्या वेळी घरातल्या सगळ्यांनी मिळून चांगल्या ठिकाणी बसावे, दोन घास चवीचे खावेत, निवांत बोलावे, याला मी उधळपट्टी म्हणणार नाही. आपल्या समाजाच्या बाबतीत तर त्याला आणखी एक अर्थ आहे.

आमचे श्रीरामपूर म्हणजे ऊस, साखर आणि बाजारपेठ. इथे चहाला तोटा कधीच नव्हता. अलीकडे कॉफीची छोटी दुकानेही निघू लागली आहेत. मोठ्या कंपनीची शाखा नव्हे, तर कुणी होतकरू तरुणाने गाळा भाड्याने घेऊन स्वतःच्या हिमतीवर काढलेली. मागच्या महिन्यात सुनेच्या आग्रहाने आम्ही घरची पाच माणसे अशाच एका दुकानात गेलो. पाच-सहा टेबले, स्वच्छ फरशी, स्वयंपाकघर समोरच दिसणारे. कॉफी फिल्टरची होती. भुकटीवर उकळते पाणी ओतायचे, अर्क थेंबथेंब खाली उतरू द्यायचा आणि मग तो गरम दुधात मिसळायचा. घाई केली की चव गेली. सोबत बाजरीचे खमंग थालीपीठ आणि लोण्याचा गोळा. नातवंडांनी सँडविच मागवले. सगळे ताजे, गरम आणि पोटभर.

सासूबाईंचे वय ऐंशीच्या पुढे. खुर्चीवर टेकताना त्यांनी माझ्या कानाशी लागून हळूच विचारले, "इथं आपण बसलं तर चालतंय ना गं?" सुनेला हा प्रश्न कळलाच नाही. मला कळला. सासरे साखर कारखान्यावर कामाला होते. त्यांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर एक हॉटेल होते. तिथे आपल्या लोकांचा कप बाहेर वळचणीला खोचलेला असे. चहा वरून ओतायचा, पिणाऱ्याने कप स्वतः विसळून परत खोचायचा आणि पैसे मात्र इतरांएवढेच मोजायचे. सासूबाईंनी हे डोळ्यांनी पाहिलेले. तो प्रश्न त्यांच्या मनात साठ वर्षे बसून होता.

खरे तर तेव्हाही कायदा आपल्या बाजूने होता. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या संविधानाचे कलम १५ सांगते की धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून कुणालाही दुकानांत, सार्वजनिक उपाहारगृहांत, हॉटेलांत जाण्यास आडकाठी करता येणार नाही. भगिनींनो, यात जातीबरोबर लिंग हा शब्दही आहे, तो नीट वाचा. संविधान सभेत १९४८ च्या नोव्हेंबरमध्ये या कलमावर चर्चा झाली, तेव्हा 'दुकान' म्हणजे नेमके काय, असा प्रश्न निघाला. बाबासाहेबांनी त्याचा अर्थ व्यापक केला. जिथे कुणी मोबदला घेऊन सेवा देतो ते सगळे त्यात धरायचे. पुढे १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने हॉटेलातली भांडी वापरू न देणे हाही गुन्हा ठरवला. १९७६ साली हाच कायदा कडक होऊन नागरी हक्क संरक्षण कायदा झाला. म्हणजे वळचणीचा तो कप पार संसदेपर्यंत जाऊन आला. तरी कायदा झाल्यावरही तो कप कितीतरी वर्षे तिथेच राहिला, कारण आत जाऊन बसणारे माणूस लागते.

अशीच एक गोष्ट अमेरिकेतली. १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो नावाच्या शहरात चार काळे विद्यार्थी एका मोठ्या दुकानाच्या उपाहारकक्षात गोऱ्यांसाठी राखलेल्या जागी बसले आणि त्यांनी कॉफी मागितली. ती मिळाली नाही. दुकान बंद होईपर्यंत ते शांतपणे बसून राहिले. दुसऱ्या दिवशी आणखी जण आले, नंतर शेकडो आले. अखेर जुलैमध्ये दुकानाला नमते घ्यावे लागले. त्या जागी सर्वांत आधी ज्या काळ्या माणसांना वाढले गेले, ती त्याच दुकानातली नोकरमाणसे होती. इतकी वर्षे दुसऱ्यांना वाढणारी माणसे पहिल्यांदा तिथे स्वतः जेवायला बसली.

पण बसण्याचा हक्क मिळाला म्हणजे सगळे झाले का? आपल्या कोल्हापूरने याचे उत्तर फार पूर्वी दिले आहे. गंगाराम कांबळे हे राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी पागेत नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला हात लावल्यावरून त्यांना मारहाण झाली. महाराज तेव्हा बाहेरगावी होते. परत आल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला सांगितले. भाऊसिंगजी रस्त्यावर 'सत्यसुधारक' हॉटेल उभे राहिले. चहा उत्तम, स्वच्छता उत्तम, पण गिऱ्हाईक फिरकेना. महाराजांना हे कळले. मग ते आपली गाडी हॉटेलासमोर थांबवू लागले, गंगारामांच्या हातचा चहा मागवून पिऊ लागले आणि सोबतच्या मंडळींनाही पाजू लागले. राजाच पितो म्हटल्यावर नाही कोण म्हणणार?

या गोष्टीत मला महाराजांची युक्ती फार मोठी वाटते. त्यांनी नुसती मदत देऊन सोडले नाही, तर ते गिऱ्हाईक झाले. धंदा दयेवर चालत नाही, तो गिऱ्हाइकावर चालतो.

आज आपली मुले-मुली शिकली, नोकऱ्यांत गेली. स्वयंपाकात आपल्या बायकांचा हात धरणारे कोण आहे? तरी खाण्यापिण्याच्या धंद्यात आपली माणसे कमीच. जी आहेत त्यांतली काही पाटीवर आडनाव लिहायला कचरतात, कारण नाव कळल्यावर गिऱ्हाईक गळेल ही धास्ती. ही धास्ती घालवणे आपल्याच हाती आहे. एकट्याला झेपत नसेल तर चौघांनी मिळून करावे. कॉफी मंडळाने आपली उपाहारगृहे बंद केल्यावर बेकार झालेल्या कामगारांनी १९५७ पासून सहकारी संस्था काढून 'इंडियन कॉफी हाउस' चालवून दाखवलेच ना! भांडवलासाठी १९७८ साली स्थापन झालेल्या महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाकडे चौकशी करावी. अन्नाच्या धंद्याची रीतसर नोंदणी करावी. चोख हिशेब, स्वच्छ भांडी आणि वेळेवर उघडणारे दार, एवढे सांभाळले तर चव आपले काम करते.

आणि आपण काय करावे? आपल्या माणसाने हॉटेल काढले तर उद्घाटनाला हार घेऊन जाऊन फुकटचा चहा पिऊन येऊ नये. दुसऱ्या आठवड्यात घरच्यांना घेऊन जावे, पूर्ण बिल द्यावे, उधारी ठेवू नये. मीठ जास्त पडले असेल तर बाजूला घेऊन सांगावे, गावभर नको. सोबत दुसऱ्या समाजातली एखादी मैत्रीणही न्यावी.

सासूबाईंनी त्या दिवशी दोन कप कॉफी घेतली. दुकान सोडताना त्यांची नजर गल्ल्यावर बसलेल्या मुलीवर होती. आपल्या किती मुली तशा गल्ल्यावर बसतात, हे प्रत्येक घराने मोजून पाहावे आणि तो आकडा वाढवण्याच्या कामाला लागावे.