‘का?’ या प्रश्नाचे स्वागत असो



गेल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर गोडादऱ्यातील एक भगिनी मला भेटावयास थांबल्या. यजमान यंत्रमागावर कामाला, मूळ गाव खानदेशातले, मुलगा सातवीत. “फादर, याला जरा समज द्या. पाठांतर सोडून काड्याकुड्या जोडीत बसतो. सायकलच्या दुकानातून रबरी नळ्या काय आणतो, आगपेट्या काय रिकाम्या करतो!” मुलगा मान खाली घालून उभा होता. मी त्याला त्या काड्या दाखवावयास सांगितले.

गुल खरडलेल्या आगकाड्यांची टोके व्हॉल्वच्या नळीच्या तुकड्यांत खोचून त्याने एक चौकोन व एक त्रिकोण केला होता. बोट लावताच चौकोन कलंडला. त्रिकोण मात्र जागचा हलेना. तो हळूच म्हणाला, “फादर, कारखान्याच्या छपराच्या कैचीत त्रिकोणच का असतात, ते मला आता कळले.”

काड्या व नळी यांची ही युक्ती श्री. अरविंद गुप्ता यांची. कानपूरच्या आय.आय.टी.मधून शिकून पुण्यास मोटारीच्या कारखान्यात नोकरी करणारे हे गृहस्थ १९७८ साली होशंगाबाद जिल्ह्यातील खेड्यांत चाललेल्या विज्ञानशिक्षणाच्या कार्यात गेले आणि तेथे त्यांना ही कल्पना सुचली. पुढे पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंपासून असंख्य खेळणी घडविली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विज्ञानाला महागडी प्रयोगशाळाच लागते, हा आपला समज त्यांनी खोटा ठरविला.

येथे मला एक कबुली दिली पाहिजे. काही वर्षांपूर्वी धर्मशिक्षणाच्या वर्गात एका मुलाने सृष्टीच्या उत्पत्तीविषयी अडचणीचा प्रश्न विचारला. घाईत होतो, “खाली बैस” म्हणून मी त्याला गप्प केले. तो मुलगा पुन्हा कधी प्रश्न विचारावयास उठला नाही. त्याचे ते मौन मला अजून बोचते. प्रश्नाने श्रद्धा जात नाही. प्रश्न दडपल्याने मात्र ती आतून पोकळ होते. शंका घेणाऱ्या थोमसला प्रभूने झिडकारले नाही, हात पुढे करावयास सांगितले.

ग्रेगोर मेंडेल हे मठवासी धर्मगुरूच होते. शिक्षकपदाच्या परीक्षेत त्यांना यश आले नव्हते. तरी मठाच्या बागेत त्यांनी वर्षानुवर्षे वाटाण्याची रोपे वाढविली, दाणे मोजले आणि आनुवंशिकतेचे नियम १८६५ साली विद्वानांपुढे मांडले. १८८४ साली ते वारले. त्यांच्या कार्याचे मोल जगाला १९०० साली कळले. प्रार्थना करणारे हात आणि दाणे मोजणारे हात एकाच माणसाचे होते.

आपल्या गोडादऱ्यातही असा एक प्रयोग विनामूल्य करता येतो. सुरत कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेस असल्याने वर्षातून दोनदा मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो: मेच्या अखेरच्या आठवड्यात व जुलैच्या मध्याच्या सुमारास. जुलैत ढग असतात, म्हणून मे बरा. सुट्टीही असते. गच्चीवर एक काठी ओळंब्याने सरळ उभी करावी. बारा वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करावी. साडेबारानंतर काही मिनिटांनी सावली जवळजवळ नाहीशी होईल. बारालाच का नाही, हे मुलांनाच शोधू द्या. उत्तर घड्याळाच्या प्रमाणवेळेत दडलेले आहे. सूर्याकडे मात्र कोणीही थेट पाहू नये. आणि विजेच्या बोर्डाशी खेळ नको. टॉर्चचे सेल पुरेत.

मातापित्यांना विनंती इतकीच, की महिन्यातून एक रविवार मुलांच्या प्रश्नांना द्या. सिटीलाइट भागातील महानगरपालिकेचे विज्ञान केंद्र त्यांना दाखवा. उत्तर ठाऊक नसेल, तर “मला ठाऊक नाही, आपण मिळून पाहू” असे म्हणण्यात कमीपणा नाही.

त्या भगिनींना मी म्हणालो, “बाई, पाठांतर त्याला करावयास लावाच, परंतु काड्या काढून घेऊ नका.” मुलाने तो त्रिकोण मला देऊ केला. तो आज माझ्या मेजावर आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गास जाण्यापूर्वी मी त्याकडे एकदा पाहून घेतो.