समुद्राच्या कायद्याचा हिशेब कोण मागणार?

महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम 1981 सालचा. तो कशातून जन्माला आला याचा आज पुष्कळांना विसर पडला आहे. यंत्रनौकांची जाळी किनाऱ्याला येऊन भिडू लागली तेव्हा गोव्याचे रापणकार आणि केरळचे छोटे मच्छीमार रस्त्यावर आले. किनाऱ्यालगतचा पट्टा लहान होड्यांसाठी राखून ठेवा, ही त्यांची साधी मागणी होती. केंद्राने राज्यांकडे नमुना विधेयक धाडले, केरळ व गोव्याने 1980 मध्ये कायदे केले आणि पाठोपाठ महाराष्ट्राने. हे कायदे कोणा मंत्र्याच्या औदार्यातून आलेले नाहीत. परंतु लढ्यातून मिळालेला कायदा एकदा दप्तरात गेला की तो पुढे काय करतो, हे पाहण्याची सवय मात्र चळवळीला लागली नाही. जमिनीच्या कायद्यांबाबत जे झाले तेच पाण्याच्या कायद्याबाबत झाले.

मूळ कायद्याप्रमाणे नियमभंगाचा निवाडा तहसीलदाराने करावयाचा होता आणि दंड नौकेत सापडलेल्या मासळीच्या किमतीशी बांधलेला होता. टंचाई, निवडणुका आणि सातबाराच्या कामांत बुडालेल्या तहसीलदाराकडे समुद्रातील प्रकरणे किती वेगाने निघणार, हे सांगावयास नको. शिवाय जाळे समुद्रात सोडून देऊन रिकामी नौका बंदरात आणली, की दंडाचा आधारच नाहीसा. पर्ससीन नौकेच्या मालकाला असा दंड म्हणजे धंद्यातील एक किरकोळ खर्च.

पर्ससीन जाळे बांगड्याचा किंवा तारलीचा सबंध थवा वेढून एका खेपेत उचलते. रापण ओढणारी वीस-पंचवीस माणसे किनाऱ्यावर ज्याची वाट पाहत उभी असतात, ती मासळी किनाऱ्याकडे येण्याआधीच संपते. डॉ. सोमवंशी समितीने या जाळ्यांवर कठोर नियंत्रण सुचविले. त्या शिफारशींच्या आधारे शासनाने 5 फेब्रुवारी 2016 रोजी आदेश काढून राज्याच्या जलधिक्षेत्रात पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच हंगाम ठेवला आणि परवान्यांची संख्या टप्प्याटप्प्याने खाली आणण्याचे ठरविले. 2017 च्या नोव्हेंबरात केंद्राने प्रखर दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीवर बंदी घातली. 2021 मध्ये राज्याने अधिनियमात दुरुस्ती करून निवाड्याचा अधिकार तहसीलदाराकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे दिला आणि दंड लाखांच्या घरात नेला. 2025 च्या जानेवारीत किनाऱ्यावर टेहळणीसाठी ड्रोनही आले.

कागदावर पाहता यात काही उणे नाही. दुरुस्ती आवश्यकच होती. परंतु तिच्यामुळे परवाना देणारे, नौका पकडणारे आणि निवाडा करणारे खाते एकच झाले, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. सत्ता एका हाती आली की वही उघडी हवी. कोणत्या नौकेला कोणत्या जाळ्याचा परवाना आहे, वर्षभरात किती नौका पकडल्या, किती दंड ठोठावला आणि त्यातला वसूल किती झाला, अपिलात किती सुटला, हे बंदरावरच्या फलकावर लागले पाहिजे. ड्रोनला नौका दिसते. प्रकरण कोणत्या कपाटात जाऊन पडले ते त्याला दिसत नाही.

आकड्यांचीच कथा घ्या. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने 2019 साली महाराष्ट्रातील सागरी मासळी सुमारे दोन लाख टन धरली आणि पंचेचाळीस वर्षांतील हा नीचांक असल्याचे सांगितले. राज्य शासनाच्या आर्थिक पाहणीत त्याच सुमाराच्या वर्षांचे सागरी उत्पादन चार लाख टनांहून अधिक आहे. एक संस्था कॅलेंडर वर्ष धरते, दुसरी आर्थिक वर्ष. पण तेवढ्याने दुप्पट फरक पडत नाही. ज्या राज्याला आपल्या समुद्रातून किती मासळी निघते यावर एकमत करता येत नाही, ते राज्य परवान्यांची संख्या कशाच्या आधारे ठरविते?

आणखी एक फट घटनेतच आहे. मत्स्यव्यवसाय राज्यसूचीत, तर जलधिक्षेत्रापलीकडील मासेमारी संघसूचीत. बारा सागरी मैलांपर्यंत राज्याचा कायदा, पुढे केंद्राचा. बंदी असलेले जाळे घेऊन बंदरात शिरणारी नौका हमखास बारा मैलांबाहेरून आलेली असते! केंद्राने 2025 च्या नोव्हेंबरात अनन्य आर्थिक क्षेत्रासाठी स्वतंत्र नियम काढले आहेत. त्यांनी ही फट बुजते की रुंदावते हे प्रत्येक बंदरात तपासावे लागेल.

कायद्याची आणि धंद्याची अशी तपासणी अशक्य आहे काय? कोळंबीच्या तळ्यांबाबत ती एकदा झाली आहे. तमिळनाडूतील भूदान व भूमिहीनांच्या चळवळीतील सर्वोदयी कार्यकर्ते एस. जगन्नाथन यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेला किनाऱ्यावर धाडले. गोडे पाणी खारावते, भातशेती बुडते, कोळ्यांची समुद्राकडे जाण्याची वाट अडते, या साऱ्याची किंमत मांडून संस्थेने दाखविले की तळ्यांच्या उत्पन्नापेक्षा त्यांनी केलेली हानी मोठी आहे. 11 डिसेंबर 1996 रोजी न्यायालयाने किनारा नियमन क्षेत्रातील अशी तळी मोडण्याचा, बाधितांना भरपाईचा आणि काम गमावणाऱ्या मजुरांना सहा वर्षांच्या वेतनाचा आदेश दिला.

पुढे काय झाले? 2005 मध्ये संसदेने किनारी जलकृषी प्राधिकरण अधिनियम केला आणि 1991 च्या किनारा अधिसूचनेचा अर्थच पूर्वलक्षी प्रभावाने असा बदलला की, जे बेकायदा ठरले होते ते कायदेशीर झाले. 2023 च्या दुरुस्तीने विनानोंदणी तळ्यांसाठीची कैदेची शिक्षाही काढून टाकली. हिशेब धनिकांच्या विरुद्ध गेला तेव्हा हिशेब चुकीचा ठरविण्याची कोणाला गरज भासली नाही. कायदाच वळविण्यात आला. पर्ससीनवाल्यांची शिष्टमंडळे मंत्रालयात जातात ती याच वाटेच्या शोधात.

म्हणून किनारपट्टीवरील शाखांनी निवेदनांबरोबर नोंदवहीही धरावी. मच्छीमार सहकारी संस्थांतून यंत्रनौकांना डिझेलच्या कराचा परतावा मिळतो. तो सार्वजनिक पैसा आहे. त्याच्या यादीशेजारी परवान्यांची आणि दंडांची यादी ठेवून पाहण्यास माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज पुरतो. दंड झालेल्या नौकेला परतावा चालू आहे काय, हा प्रश्न संस्थेच्या वार्षिक सभेत उठला पाहिजे. या कामात मासळी विकणाऱ्या कोळणींना अग्रभागी घ्यावे. पाटीत येणारी मासळी केव्हापासून बारीक होत गेली, हे त्यांच्याइतके कोणत्याही खात्याला ठाऊक नाही. आणि त्या मोठ्या नौकांवरील परप्रांतीय खलाशांना शत्रू समजू नये. दिवा लावण्याचा हुकूम त्यांचा नसतो. परवाना कोणाच्या नावे आहे, तो कागद आधी मागवावा. मिरकरवाडा आणि हर्णै येथून आरंभ करता येईल.