बाथरूमचा पंखा आणि हिरवी वायर



पावसाळा लागला की बाथरूमच्या छताला काळे ठिपके पडतात. मग ॲसिड, ब्लिचिंग पावडर, घासणी. आधी ओल साठू द्यायची आणि मग उगवलेली बुरशी मारत बसायचं, यापेक्षा भिंती कोरड्या ठेवणं हीच जीवदया, असं मला वाटतं. त्यासाठी एक्झॉस्ट फॅन हवाच. पण तो बसवताना आपल्या घरांतून जी काटकसर चालते, ती मला मुळीच पटत नाही.

फॅन आपण चांगल्या कंपनीचा घेतो, टाइल्सला शोभतो का तेही बघतो. वायरिंग मात्र "त्या बल्बच्याच लाइनवरून घ्या की" म्हणून उरकतो. जुन्या घरांत बल्बपर्यंत बहुधा दोनच वायरी आलेल्या असतात, फेज आणि न्यूट्रल. तिसरी, अर्थिंगची हिरवी वायर नसतेच. पत्र्याच्या फॅनला ती जोडलेली नसली आणि आत कुठे वायर सोलली गेली, तर सगळ्या पत्र्यात करंट उतरतो. बाहेरून काही कळत नाही. सासूबाई ओल्या हातानं जाळी पुसायला जातात, पाय ओल्या फरशीवर असतात. २३० व्होल्टला तेवढं पुरतं.

"आमच्याकडे एमसीबी आहे ना!" हे तर नेहमीचंच. एमसीबी असतो तो वायर जळू नये म्हणून. ६ अँपिअरचा एमसीबी त्याहून जास्त करंट गेल्याशिवाय पडत नाही, आणि माणसाचा जीव जायला त्याचा शंभरावा भागही पुरे होतो. माणसासाठी असतो तो आरसीसीबी, ३० मिलिअँपिअरचा. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांत तेवढा फरक पडला की तो क्षणात लाइन तोडतो. त्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं. ते दाबलं की तो पडलाच पाहिजे. महिन्यातली एखादी तिथी त्यासाठी नेमून टाका. टीव्ही बंद पडला म्हणून घरात कुरकुर होईल, होऊ दे. आरसीसीबी आहे म्हणून अर्थिंग नको, असं मात्र नाही. दोन्ही हवीत.

वायरमन परवानाधारकच बोलवा. तो आला की चहा देऊन आत जाऊ नका, तिथे उभ्या राहा. "दादा, मेन बंद केलंत का?" हे विचारण्यात कसली लाज? स्विच बाथरूमच्या बाहेर हवा आणि तो फेजवर हवा. न्यूट्रलवर टाकला तर फॅन थांबलेला दिसतो, पण आत करंट असतोच. वायरींचा जोड नुसती चिकटपट्टी गुंडाळून छतात सोडू देऊ नका, बंद डबीत कनेक्टरनं करून घ्या. फॅन उंचावर, शॉवरचा फवारा पोचणार नाही असा. बाहेरच्या तोंडाला जाळी किंवा झडप लावा, नाहीतर चिमणी घरटं करते आणि बटण दाबल्यावर काय होतं ते सांगायला नको.

आणखी एक. आत गॅस गिझर असेल तर फॅन हा त्यावरचा उपाय नव्हे. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि बंद खोलीत फॅन गिझरचा धूर उलटा आतही ओढू शकतो. गिझर आधी बाहेर काढा.

आणि दाराखाली बोटभर फट ठेवा. बाहेरची हवा आत आली नाही तर फॅन नुसताच घरघरतो, ओल तिथेच राहते.